सांगली ते महाबळेश्वर आणि परत: ट्रायकमागे ट्रेलर जोडून

आदला दिवस, सांगली

ट्रेलरच्या प्रवासाचा निम्मा निकाल दारातच लागतो. म्हणून सुरुवात माल भरण्यापासून.

ओढणारी गाडी १८०० सीसीची, सहा सिलिंडरची टूरिंग मोटारसायकल. मागचं एक चाक काढून तिथे ऍक्सल आणि दोन चाकं बसवलेली, म्हणजेच ट्रायक. दुचाकीमागे काही जोडलं तर त्याची ओढाताण लगेच अंगाला कळते. तीनचाकी मात्र कलत नाही, डगमगत नाही, रस्ता धरून बसते, आणि तिथेच धोका आहे. मागे हब (चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग) तापलाय, कपलर (गाडीच्या बॉलवर बसणारं ट्रेलरच्या दांड्याचं टोक) सैल झालाय किंवा माल सरकलाय, यातलं काहीही हँडलपर्यंत वेळेत पोचत नाही. ट्रायकवाल्याने ट्रेलर हाताने तपासायचा असतो. या प्रवासातला प्रत्येक थांबा त्यासाठीच ठरवला.

आधी कागद. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हे स्वतःच एक मोटार वाहन आहे. त्याची नोंदणी वेगळी, त्याचा नंबर त्याच्या बाजूला, आणि कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसायला हवा. दुचाकीची तीनचाकी करणं हा कलम ५२ खाली येणारा बदल आहे, तोही आरसीवर चढलेला हवा. फॅब्रिकेटरने ट्रॉली सुबक बनवून दिली म्हणून पासिंगशिवाय ती रस्त्यावर आणू नये. अपघात झाला तर विम्याचा पहिला प्रश्न हाच असतो.

दुसरी गोष्ट वजनाची मर्यादा. कॅन-ॲम स्पायडर आरटी ही पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली गाडी, तिला कंपनीने सुमारे १८० किलोपर्यंत ट्रेलर ओढायची मुभा दिलेली आहे. होंडा मात्र गोल्ड विंगच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढू नका असंच सांगते. ट्रायकमध्ये बदललेल्या गाडीला कंपनीचा आकडा उरतच नाही, म्हणून आपणच कमी धरायचा. इथे ट्रेलर मालासकट १६० किलोवर थांबवला: रिकामा ७०, माल ९०. गाडी आणि चालक मिळून ६२० किलो. म्हणजे थांबवायचं वस्तुमान चौथाईने वाढलं, आणि ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नाही.

चौकट ४० बाय ४० च्या चौकोनी पाइपची, पुढचा दांडा ५० बाय ५० चा आणि ३ मिलिमीटर जाडीचा. कपलरपासून ऍक्सलपर्यंत १.९ मीटर. पेटी १२० बाय ७५ बाय ५५ सेंटीमीटर, म्हणजे पाचशे लिटरला थोडी कमी. चाकं ऑटोरिक्षाची, ४.०० बाय ८. परदेशी ट्रेलरचं टायर दिसायला सुंदर असतं, पण मेढ्यात ते फुटलं तर बसून राहावं लागेल. रिक्षाचं टायर, ट्यूब आणि रिम कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळते. हवा मात्र रिक्षाइतकी भरायची नाही. रिक्षाच्या मागच्या चाकावर येणाऱ्या भाराच्या मानाने इथे एका चाकावर ७२ किलोच येतात. टणक चाकांवर हलका ट्रेलर उड्या मारतो. २० पीएसआय पुरते.

पाट्यांचंही, म्हणजे ऍक्सलवरच्या पट्टीच्या स्प्रिंगांचंही, तसंच. रिक्षाचे किंवा छोट्या टेम्पोचे पाटे या वजनाला दबतच नाहीत. एका पानाचा पाटा आणि जोडीला स्कूटरचा शॉकअब बसवला तर चाक रस्त्याला धरून राहतं. शॉकअब नसेल तर पाटा उसळी घेतो आणि ती शमवायला कुणी नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कपलर हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या बॉल असलेल्या जोडावर, किती दाबतो. एकूण वजनाच्या दहा टक्के, म्हणजे १६ किलो. मोजायला घरचा वजनकाटा चालतो, पण त्याखाली विटा लावून कपलर बरोबर हिचच्या उंचीवर आणायचा. उंची बदलली की आकडा बदलतो. दाब कमी भरला तर जड सामान ऍक्सलच्या पुढे सरकवायचं, जास्त भरला तर मागे. हत्यारांची पेटी, पाण्याचे कॅन, स्टोव्ह हे तळाशी, ऍक्सलच्या किंचित पुढे. तंबू, पांघरुणं, भडंगाचे पुडे वर आणि मागे. या १६ किलोंचा उलटा परिणामही आहे. हिच मागच्या ऍक्सलच्या ६० सेंटीमीटर मागे आणि गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १.७ मीटर, म्हणजे पुढच्या चाकावरचे साडेपाच किलो उचलले जातात. म्हणून गाडीच्या मागच्या डिकीत जड काही ठेवायचं नाही.

बॉल आणि कपलर एकाच मापाचे हवेत. बाजारात ५० मिलिमीटरचा बॉल मिळतो आणि पावणेदोन इंचाहून थोडा मोठा, ४७.६ मिलिमीटरचाही. डोळ्याला फरक दिसत नाही. लहान बॉलवर मोठा कपलर बसतो, लॅचही (कपलरची खिटी) लागतो, आणि पहिल्या उंच गतिरोधकावर उडून सुटतो. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावून बघावं. लॅच लावल्यावर ट्रेलरचा दांडा हाताने वर उचलायचा. गाडीची शेपटी सोबत उचलली गेली तर जोडणी बसली.

दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींना फुली घालून, डी-शॅकलने (डी आकाराच्या, पिनेने बंद होणाऱ्या कडीने). कपलर सुटलाच तर दांडा या फुलीवर झेलला जातो, रस्त्यात रुतत नाही. लांबी इतकी की पूर्ण वळणावर ताण येऊ नये आणि सरळ चालताना जमिनीला घासू नये.

पहिला दिवस: सांगली, आष्टा, पेठ नाका, कराड

सत्तरएक किलोमीटर. अंतर थोडं, पण जानेवारीत हा रस्ता उसाचा असतो. पहाटे निघून उजेडात आष्टा गाठायचा बेत ठेवला, कारण अंधारात ट्रॅक्टरमागची दुसरी ट्रॉली दिसते ती अगदी जवळ गेल्यावर.

जोड-ट्रॉलीला मागे टाकायचं गणित आधी मनात असावं. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या १८ मीटर धरल्या, आपण ट्रेलरसकट सव्वापाच मीटर, पुढे-मागे पंधरा-पंधरा मीटर मोकळी जागा. तो २० च्या वेगाने चाललाय, आपण ५० ने. साडेसहा सेकंद लागतात, तेवढ्यात आपण ९० मीटर जातो आणि समोरून ६० ने येणारी गाडी ११० मीटर जवळ येते. म्हणजे दोनशे मीटर रस्ता स्वच्छ दिसत असेल तरच बाहेर पडायचं. मोटारसायकलवर लागलेली सवय इथे विसरायची. आत परत येताना आरशात ट्रेलरचा मागचा दिवा आणि ट्रॅक्टरचं पुढचं चाक यांच्यात पूर्ण फट दिसली पाहिजे. आरसे त्यासाठीच लांब दांड्यांचे लावलेत.

खड्ड्यांचा प्रश्न ट्रायकला वेगळा. दुचाकी बाजूने निघते, चारचाकी खड्डा दोन चाकांमध्ये घेते. ट्रायकचं पुढचं चाक मध्यभागी असल्यामुळे दोन्ही बंद. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या वाटांमध्ये दोन्ही बाजूंना चाळीसएक सेंटीमीटरची पट्टी उरते, खड्डा किंवा पडलेला ऊस त्या पट्टीतून काढायचा. ट्रेलरच्या चाकांमधलं अंतर गाडीच्या मागच्या चाकांइतकंच ठेवलं तर तोही त्याच वाटेने येतो. अंतर वेगळं ठेवलं की तीनऐवजी पाच वाटा सांभाळाव्या लागतात, आणि ते कुणालाच जमत नाही. ट्रेलरची बाहेरची कड गाडीच्या चाकांपेक्षा दोन इंच आत असली की सरळ रस्त्यावर जिथून गाडी गेली तिथून ट्रेलर जाणार, ही खात्री बाळगता येते; वळणात मात्र तो आतून येतो.

गतिरोधकाआधी वेग दहावर आणून ब्रेक सोडून द्यायचा. ब्रेक दाबलेला असताना चाक चढलं तर ट्रेलरचं नाक खाली दाबलं जातं, आणि उतरताना तेच नाक कपलरला वर झटका देतं. तिरकं चढायचं नाही. ट्रेलरची चाकं पार होईपर्यंत ऍक्सिलरेटर पिळायचा नाही.

पेठ नाक्याला चाळीसेक किलोमीटर होतात, पहिली तपासणी तिथे. तळहात हबवर. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ग्रीस कोरडं पडलंय. एवढ्याशा चाकाचा घेर १.३ मीटर, म्हणजे ६० च्या वेगाला मिनिटाला साडेसातशेहून जास्त फेरे. कारच्या चाकाला तेवढ्याच वेगात सव्वापाचशेच्या आसपास पडतात. लहान चाकाचं बेअरिंग लवकर जातं ते त्यामुळे. बसवताना चाक फिरवत फिरवत कॅसल नट (वर खाचा असलेला नट) आवळायचा, मग एक खाच मागे घ्यायचा आणि नवी स्प्लिट पिन घालायची. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरणं हा फार महागात पडणारा काटकसरीपणा आहे.

दुपारच्या आत कराड. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम गावातच आहे, पण घाटाकडच्या गल्ल्यांत ट्रेलर नेला तर मागे घेता येत नाही. मोठ्या पटांगणात उभा करून पायी जाणं बरं.

दुसरा दिवस: कराड ते सातारा

महामार्ग ४८, पन्नासएक किलोमीटर, वाटेत तासवडे टोलनाका. डावी लेन, ६० चा वेग, बास. सहापदरीकरणाच्या कामामुळे जिथे रस्ता वळवलाय तिथे डांबराची कड एकदम खाली तुटते. ट्रेलरचं एक चाक कडेवरून उतरलं तर लगेच वर ओढायचं नाही, वेग उतरवून सरळ कोनात चढवायचं. मोठा ट्रक शेजारून गेला की त्याच्या पुढची हवा ट्रेलरला बाहेर ढकलते आणि मागची आत खेचते. हँडल घट्ट न धरता सरळ ठेवलं की ते आपोआप बसतं.

साताऱ्यात ट्रेलर सोडला. यवतेश्वरचा घाट चढून कासला जायचं तर माल कशाला वर न्यायचा? जानेवारीत पठारावर फुलं नसतात, तलावापर्यंत जाऊन येणं एवढाच कार्यक्रम, आणि वाटेतल्या अरुंद जागांत पर्यटकांच्या गाड्या वळवून घेत असतात. ट्रेलर असलेल्या माणसाने कुठे तो न्यायचा नाही हे ठरवायला शिकलं पाहिजे.

सोडण्याचा क्रम कधी बदलू नये. आधी ट्रेलरच्या दोन्ही चाकांना पुढे-मागे लाकडी ठोकळे. मग नाकाचं छोटं चाक खाली. मग दिव्यांचा प्लग, मग लॅच, आणि साखळ्या सगळ्यात शेवटी. ठोकळ्याआधी लॅच उघडला आणि जमिनीला किंचितही उतार असला तर ट्रेलर निघतो, त्या क्षणी साखळीच काय ती धरते. जोडताना साखळ्या लॅच लागल्याबरोबर.

तिसरा दिवस: सातारा, मेढा, केळघर, महाबळेश्वर

सकाळी दिवे. पाच तारा: मागचा दिवा, ब्रेक, डावा, उजवा, अर्थ (अर्थिंगची तार). अर्थ बॉलमधून मिळतोय असं समजून बरेच जण पाचवी तार टाळतात. बॉलला ग्रीस असतं, मग ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, उजवा लावला की डावाही लुकलुकतो. वेगळी अर्थ तार टाकावीच. ट्रेलरच्या दिव्यांची वीज गाडीच्या वायरिंगमधून न घेता बॅटरीवरून १० अँपिअरचा फ्यूज लावून रिलेमार्फत (इशाऱ्यावर चालू-बंद होणाऱ्या स्विचमार्फत) घ्यावी. गाडीच्या तारांनी फक्त रिलेला इशारा द्यायचा. ट्रेलरमध्ये शॉर्ट झालं तरी गाडीचे दिवे शाबूत राहतात. घाटात हे फार मोलाचं आहे.

मेढ्यापर्यंत रस्ता सौम्य. केळघरनंतर चढ. ओढण्याच्या ताकदीची काळजी करायचं कारण नाही: पंधरा मीटरला एक मीटर चढ असला तर १६० किलोचा ट्रेलर अकरा किलोच्या जोराने मागे खेचतो, १८०० सीसीला ते काहीच नाही. प्रश्न दोन आहेत. एक, हलकं झालेलं पुढचं चाक. चढावर भार आणखी मागे सरकतो आणि नागमोडी वळणावर खडी असेल तर हँडल वळवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. अशा वळणात ऍक्सिलरेटर स्थिर ठेवायचा, अंग पुढे झुकवायचं, वळण पूर्ण होईपर्यंत पिळायचं नाही.

दोन, ट्रेलर आतून कापतो. हिच सात मीटर त्रिज्येच्या वळणात फिरला तर १.९ मीटर मागचा ऍक्सल सुमारे २६ सेंटीमीटर आतून जातो. डाव्या वळणावर आत म्हणजे गटार किंवा कठडा. म्हणून डाव्या वळणात गाडी आपल्या लेनच्या मध्याकडे ठेवून फूटभर जागा आत सोडायची. दांडा आणखी लांब केला तर ट्रेलर मागे घ्यायला सोपा आणि सरळ रस्त्यावर शांत होतो, पण घाटात जास्त कापतो. १.९ हा दोन्हींतला समझोता आहे, आणि सातारा जिल्ह्यासाठी योग्य आहे असं आमचं मत.

मागे घ्यावं लागलं तर? एवढा छोटा ट्रेलर मीटरभरात आडवा होतो, दांडा गाडीच्या मडगार्डला लागतो. रिव्हर्स गिअर आहे म्हणून कसरत करू नये. ठोकळे लावून सोडायचा, दोघांनी हाताने फिरवायचा, पुन्हा जोडायचा. वेळ कमीच लागतो.

वर पोचल्यावर हब, साखळी, चाकांचे नट. १३७० मीटर उंचीवर जानेवारीच्या रात्री दव जबर पडतं. प्लगवर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली नाही तर सकाळी पितळी पिनांवर पाणी असतं.

चौथा दिवस: महाबळेश्वर, पाचगणी, पसरणी घाट, वाई

हा दिवस अंतराने सर्वांत छोटा आणि कामाने सर्वांत मोठा.

आधी मालाचा हिशेब. वर मुक्कामात पाणी संपलं, शिधा संपला. ही दोन्ही ओझी ऍक्सलच्या पुढे होती. आता भिलारच्या बाजूने स्ट्रॉबेरीचे खोके घेतले जातात, आणि नाजूक माल चिरडू नये म्हणून ते साहजिकच वर आणि मागे, दाराजवळ ठेवले जातात. असं भरलं की पुढचे पंधरा-वीस किलो जाऊन मागे पंधरा-वीस आलेले असतात आणि हिचवरचा दाब १६ वरून पाच-सहावर येतो. एकूण वजन तेच, ट्रेलर दिसायला तोच, पण घाट उतरून महामार्गाला लागल्यावर तो शेपटी हलवायला लागतो. म्हणून माल बदलला की काटा पुन्हा लावायचा. खोके ऍक्सलच्या बरोबर वर, खाली पांघरुणांची घडी, आणि रिकाम्या कॅनमध्ये पुन्हा पाणी भरून ते पुढे. स्ट्रॉबेरीलाही हीच जागा सोसते: ऍक्सलच्या वर उसळी कमी, मागच्या दाराशी सर्वांत जास्त.

पाचगणी सोडली की पसरणी घाट वाईपर्यंत खाली उतरतो. इथे लोकांना भीती वाटते ट्रेलर मागून ढकलेल याची. ढकलतो, पण नुसत्या उतारावर अकरा-बारा किलोने. खरं ढकलणं ब्रेक दाबल्यावर सुरू होतं. ब्रेक नसलेला ट्रेलर गाडीच्या भरवशावर थांबतो. मध्यम जोराने ब्रेक मारला, वेग गुरुत्वाच्या तीन दशांश इतक्या वेगाने उतरू लागला, की १६० किलोचा ट्रेलर ४८ किलोच्या जोराने हिचवर रेटतो. गाडी आणि ट्रेलर एका रेषेत असतील तर हा रेटा सरळ पुढे जातो आणि बिघडत काही नाही. वळणात दोघांमध्ये ३० अंशांचा कोन असेल तर त्यातला निम्मा, २४ किलो, गाडीची शेपटी आडवी ढकलतो. त्यात खडी किंवा सांडलेलं डिझेल असेल तर मागची दोन्ही चाकं बाहेर सरकतात आणि ट्रेलर आत येऊन दांडा चाकाला भिडतो. तीनचाकी पडत नाही म्हणून निर्धास्त असलेला चालक इथेच फसतो.

त्यामुळे पसरणीत नियम एकच आणि तो पाळायचा: ब्रेक सरळ रस्त्यावर, वळणाआधी, पूर्ण. वळणात ब्रेकवर पाय नाही. दुसरा किंवा तिसरा गिअर टाकून इंजिनावर उतरायचं, वेग वाढला की ब्रेक एकदा ठामपणे दाबून सोडायचा, पुन्हा वाढला की पुन्हा. पाय सतत टेकवून ठेवला तर पॅड तापतात, नंतर दाबूनही धरत नाहीत. मधल्या रुंद जागेत थांबून डिस्कजवळ हात नेऊन उष्णता बघायची, पण डिस्कला हात लावायचा नाही. मागे गाड्यांची रांग झाली तर बाजूला होऊन जाऊ द्यावं. घाईतला माणूस मागे असला की आपलाही वेग नकळत वाढतो.

पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीच्या दुप्पट. मध्ये कुणी घुसला तर पुन्हा दुप्पट करायचं, कितीही वेळा.

वाईत हब, नट, कपलरचं लॅच. नंतर कृष्णाकाठ आणि ढोल्या गणपती.

पाचवा दिवस: वाई, सुरूर फाटा, सातारा, रहिमतपूर, विटा, तासगाव, सांगली

सुरूर फाट्याला महामार्गावर आल्यावर पहिला मोकळा सरळ तुकडा मिळतो. भार बरोबर आहे का याची परीक्षा इथे. ४० वर, मग ५० वर, मग ६० वर आरशात ट्रेलरची पेटी बघायची. एका बाजूला ढकलला जाऊन एका फेऱ्यात स्थिरावला तर ठीक. दोन-तीन हेलकावे घेत असेल तर पुढच्या पंपावर थांबून माल पुढे घ्यायचा.

हेलकावे वाढायलाच लागले तर काय करायचं हे तोंडपाठ हवं. ब्रेक नाही. वेग वाढवून सरळ करण्याचा प्रयत्न नाही. हँडलने उलट वळवून सावरणं तर मुळीच नाही, कारण आपलं सावरणं आणि ट्रेलरचा हेलकावा एका तालात आले की तो दुप्पट होतो. ऍक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, हँडल सरळ धरायचं, वेग आपोआप उतरू द्यायचा. चाळीसच्या आसपास शांत होतो. वेग कमी करून पुढे चालत राहणं हा उपाय नव्हे, भार दुरुस्त करणं हाच उपाय.

साताऱ्यानंतर महामार्ग सोडून रहिमतपूर, पुसेसावळी, कडेपूर असा आतला रस्ता. ट्रक कमी, ऊस पुन्हा सुरू, साइडपट्टी कच्ची. विट्याकडे दुपारचा वारा आडवा लागतो. पेटी उंच असती तर तो जास्त जाणवला असता, ५५ सेंटीमीटरची कमी उंची इथे कामी येते. तासगावात बेदाण्याची पेटी घ्यायची असेल तर ती पेटीच्या तळाशी, ऍक्सलच्या किंचित पुढे. बेदाणा जड असतो आणि उसळीने त्याचं काही बिघडत नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत सांगली. उशीर झालाच तर ट्रेलरच्या मागे आणि दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टर पट्टी हवी. बाजूची पट्टी विशेष, कारण फाट्यावरून येणाऱ्याला गाडीचा दिवा पुढे गेलेला दिसतो आणि मागे अजून काही येतंय हे कळत नाही.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी माल उतरवून ट्रेलर धुवायचा, पण पाण्याचा जोराचा फवारा हबवर मारायचा नाही, सीलमधून पाणी आत जातं. हब गार झाल्यावर चाक उचलून वर-खाली हलवून बघायचं. खडखड जाणवली तर बेअरिंग उघडून धुऊन, नवं लिथियम ग्रीस रोलरांमध्ये तळहाताने दाबून भरायचं. हबची पोकळी गच्च भरायची नाही, ग्रीस तापून सीलबाहेर येतं. पाट्याच्या यू-बोल्टचे नट पुन्हा आवळायचे, पहिल्या लांबच्या फेरीनंतर ते हमखास सैल होतात. बॉल पुसून त्यावर ओरखडे आहेत का बघायचं, एका बाजूला चकाकी जास्त असेल तर हिच तिरका बसलाय. मग ऍक्सलखाली दोन ठोकळे देऊन चाकं जमिनीपासून उचलून ठेवायची, म्हणजे टायर एकाच जागी दबून चपटं होत नाही आणि पाट्यालाही आराम मिळतो.